तीन आठवडे झाले, मांजरी पलंगाखालून बाहेर येत नाही. काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: साधारण वर्षभराची, उघड्यावर वाढलेली मांजरी. पाय जखमी होता म्हणून पिंजरा लावून पकडली, उपचार झाले, त्याच वेळी नसबंदी आणि लसीकरणही झालं आणि मग ती घरीच राहिली. आता तीन आठवडे पलंगाखालच्या कोपऱ्यात बसून असते. रात्री सगळे झोपले की खाते, लिटर बॉक्स (शी-शूसाठीची पेटी) वापरते. दिवसा कोणी नुसतं वाकून पाहिलं तरी फिस्कारते. एकदा हात पुढे केला तर ओरबाडलं. घरात दोन मतं पडली आहेत. एक म्हणतं, सोडून द्या बिचारीला. दुसरं म्हणतं, टॉवेलात गुंडाळून रोज मांडीवर घ्या, सवय होईल.

तूर्तास दोन्ही नको. तुमच्या वर्णनातली सगळ्यात आशादायक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे: ती खाते आणि लिटर बॉक्स वापरते. म्हणजे जागा तिने स्वीकारली आहे, माणसं अजून स्वीकारलेली नाहीत. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी होतात आणि पहिली तीन आठवड्यांत झाली असेल तर तुमचं काही बिघडलेलं नाही.

आधी ही मांजरी मुळातच माणसांपासून दूर वाढली आहे, की कधीकाळी कोणाच्या घरात होती आणि आता घाबरली आहे, याचा अंदाज घ्या. सुरुवातीच्या दिवसांत दोघी हुबेहूब सारख्या वागतात, फरक हळूहळू दिसतो. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत, तो आवाज मुख्यतः माणसांसाठी असतो. त्यामुळे ही रात्री दाराशी येऊन म्याव करत असेल, तुमच्या चेहऱ्याकडे बघत असेल, शेपटी उभी धरून खोलीत फिरत असेल, तर ती कधीतरी माणसात राहिलेली असण्याची शक्यता बरीच. अशा मांजरींची भीती एकदा मोडली की त्या भराभर रुळतात. उलट अगदी मुकी असेल, भिंतीला चिकटून, पोट जमिनीला टेकवून सरकत असेल, तर ती बहुधा माणसांशिवायच वाढली आहे.

याचं कारण वयात आहे. मांजराच्या पिल्लाला दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास जे प्राणी भेटतात, त्यांना ते पुढे आयुष्यभर ‘यांच्यापासून धोका नाही’ या खात्यात टाकतं. आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात पिल्लांवर केलेल्या कामातून हे ठळकपणे पुढे आलं: या काळात रोज हाताळलेली पिल्लं मोठेपणी माणसाकडे सहज जात. शिवाय स्वभावात बापाचाही वाटा असतो. सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५च्या अभ्यासात, मनमोकळ्या बोक्याची पिल्लं माणसांशी आणि नव्या वस्तूंशी जास्त धीटपणे वागली, आणि बोका काही पिल्लं वाढवायला बसत नाही. तेव्हा तुमची मांजरी सावकाश सुधारत असेल तर त्यात तुमच्या मायेचं माप काढू नका. वर्षाच्या मांजरीत तो काळ केव्हाच उलटलेला असतो. तिला शिकता येतं, पण शिकणं संथ होतं आणि बहुतेकदा एकेका माणसापुरतं होतं. तुमच्याशी रुळलेली मांजरी पाहुणा आला की पुन्हा पलंगाखाली जाईल. ते तसंच चालायचं.

दुसरी गोष्ट दुखण्याची. पाय अजून दुखत असेल तर कुठलीही युक्ती चालणार नाही, कारण ज्याला दुखतं त्याला अंगाला हात नकोच असतो. तिला न पकडताही काही गोष्टी पाहता येतात. खोलीत रात्री साधा कॅमेरा किंवा जुना फोन लावून ठेवा आणि ती चालताना लंगडते का, खुर्चीवर उडी मारते का, अंग चाटून साफ करते का, एका बाजूनेच चावते का, ते बघा. हे चित्रण डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक त्यांनी दिलं तरच द्या. माणसांच्या गोळ्या अजिबात नको, पॅरासिटामॉल तर मांजरांना जीवघेणं असतं. आणि एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: तिने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, दोन दिवस वाट बघायची नाही. मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. ‘भूक लागली की येईल हाताशी’ असा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

ओरबाडल्याबद्दलही बोलून घेऊ. ओरखडा असो की चावा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. जिथे रेबीज आहे तिथे यात चालढकल नको. मांजरीला लस दिली असली तरी तुमच्या लसीबद्दलचा निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या. मांजराचा दात बारीक आणि लांब असतो, वरून छिद्र एवढंसं दिसतं पण जंतू खोल जातात. हाताचा चावा काही तासांत सुजायला लागला तर तो ‘बघू उद्या’ म्हणण्यासारखा नसतो.

आता खोलीकडे. तिला एकच लहान खोली असू द्या, सगळं घर नको. माझा पहिला आक्षेप पलंगाखालच्या जागेवर आहे. तिथून तिला तुमचे फक्त पाय दिसतात, तुम्हाला तिला बघायचं तर वाकावं लागतं, आणि वाकून रोखून बघणारा चेहरा म्हणजे तिच्या दृष्टीने शिकारी. शिवाय उद्या डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर ओढूनच काढावी लागेल. लपायची जागा मात्र हवीच. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना साधं खोकं दिलं आणि काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं लवकर सावरली. लपायला मिळालं तर ती लपूनच राहील, ही भीती त्यामुळे काढून टाका.

जागा बदलायची ती तिला न हलवता. एक मजबूत खोकं घ्या, त्याला दोन भोकं पाडा, तिचं अंग जेमतेम जाईल एवढी. दोन अशासाठी की एकच दार असेल तर आत कोंडी होते. आत एखादा जुना कपडा, शक्य तर तिच्याच अंगाखालचा. हे खोकं पलंगाच्या कडेला टेकवून ठेवा आणि विसरून जा. काही दिवसांनी रात्रीचं खाणं खोक्याच्या तोंडाशी, मग आत. कपड्यावर केस दिसायला लागले की ती तिथे बसते आहे हे कळतं. मग एखाद्या रात्री, ती बाहेर असताना, पलंगाखाली सामानाच्या भरलेल्या बॅगा सरकवून ती जागा बंद करा. ती आत असताना हे कधीही करू नका. तिला नेण्याचा पिंजराही आजपासून दार काढून खोलीतच ठेवा, त्यात अंथरूण घाला, अधूनमधून खाऊ टाका. जी वस्तू फक्त डॉक्टरकडे जातानाच दिसते, तिचा धसका कायम राहतो. आणि एखादी उंच जागा द्या, भक्कम फळी किंवा कपाटाचा माथा. वरून खोली बघणारं मांजर जमिनीवरच्या मांजरापेक्षा लवकर निवळतं.

शांत करणारे गंध सोडणारी यंत्रं मिळतात. काहींना फरक जाणवतो, अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. लावलंत तर बिघडणार नाही, पण त्याच्या भरवशावर बाकीचं सोडू नका.

सगळ्यात जास्त काम खाण्याच्या वेळी होतं. आत्ता ताट चोवीस तास भरलेलं असणार आणि ती ते रात्री एकटीने संपवते. म्हणजे अन्नाचा आणि तुमचा तिच्या डोक्यात काहीच संबंध नाही. तेवढंच खाणं ठरलेल्या वेळी, दिवसातून तीन-चार भागांत द्या. दोन-तीन दिवसांत ही वेळ तिच्या लक्षात येते. खाणं घेऊन या, ठेवा, आणि खोलीतच, पण तिला चालेल इतक्या लांब बसा. किती लांब? ती तुमच्या देखत खाईल इतकं. दारात बसावं लागलं तर दारात, उंबऱ्याबाहेर बसावं लागलं तर बाहेर. तुम्ही असताना ती खात नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वेळी मागे सरका, आणि आजचं ताट मात्र ठेवूनच खोलीबाहेर पडा. रुसून उचलून नेऊ नका.

ही पद्धत नवी नाही. जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेत घाबरवलेल्या मांजरांवर हेच केलं. ती मांजरं ज्या खोलीत घाबरली होती तिथे खायला तयार होईनात, म्हणून आधी त्या खोलीशी जेमतेम साम्य असलेल्या जागी खायला दिलं, मग थोड्या जास्त सारख्या जागी, असं करत मूळ जागेपर्यंत आणलं. माणसांच्या भीतीवर आजही वापरली जाणारी पायरीपायरीची उपचारपद्धत यातूनच उभी राहिली.

यात क्रम महत्त्वाचा. आधी तुम्ही, मग खाणं. तुमच्या पावलांचा आवाज, दाराची कडी, तुमचं दोन शब्द बोलणं, आणि त्यानंतर ताटाचा वास. उलटं झालं, म्हणजे ती खात असताना तुम्ही अचानक आत आलात, तर खाणंच धोक्याची सूचना बनतं. नजर चुकवून, तिरकं बसा, तोंड तिच्याकडे नको. जमिनीवर बसलात तर उत्तम. मोबाईल बघा, पुस्तक हलक्या आवाजात वाचा. तुमचा आवाज सपाट आणि कंटाळवाणा असला तर फार चांगलं. ‘ये गं ये, मनू, ये ना’ अशी आर्जवं करणारा आवाज तिला लक्ष वेधलं गेल्यासारखा वाटतो.

ती तुमच्या देखत निवांत खायला लागली की पुढचा भाग. आवडता खाऊ, मांसाचा बारीक तुकडा किंवा मऊ ओलं खाणं, तिच्या *मागे* टाका. बहुतेक लोक आपल्याकडे ओढण्यासाठी खाऊ आपल्या पायाशी टाकतात. मग मांजर मान ताणून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून तो उचलतं, आणि उचलल्यावर आपण किती जवळ आलोय हे लक्षात येऊन दचकतं. पोट पुढे ओढतं, भीती मागे ओढते, आणि अशाच क्षणी नख बसतं. खाऊ मागे टाकला की ती तुमच्यापासून दूर जाते, तिथे निवांत खाते, आणि वळून तुमच्याकडे बघते: अजून आहे का? ते बघणं तिचं स्वतःचं असतं. मग पुन्हा मागे. थोड्या दिवसांनी ती खाल्ल्यावर स्वतःहून दोन पावलं पुढे येऊन थांबते. अशा जनावराला सगळ्यात आधी पटावं लागतं ते हे की मी दूर गेले तर हा माणूस मागे येत नाही. ते पटेपर्यंत जवळ येण्याला काही किंमत नसते.

अंगाची भाषा सतत वाचत राहा. कान बाजूला पडले, बाहुल्या उजेडातही मोठ्या आहेत, मिशा गालाला चिकटल्या, शेपटी अंगाभोवती आवळली, त्वचा पाठीवर थरथरली, की थांबा किंवा मागे सरा. फिस्कारणं हा उद्धटपणा नव्हे, ती तुम्हाला चावण्याआधी सांगते आहे. त्यावर ओरडलात तर ती सांगणं सोडून देईल आणि पुढच्या वेळी थेट चावेल. चांगल्या खुणा बारीक असतात: पंजे पोटाखाली दुमडून बसणं, तुमच्या देखत अंग चाटणं, तुमच्याकडे पाठ करून बसणं. पाठ करून बसली म्हणून वाईट वाटून घेणारे बरेच असतात, प्रत्यक्षात ती मोठी सूट आहे. आणि डोळे. तिने तुमच्याकडे बघितलं की डोळे सावकाश अर्धवट मिटा, क्षणभर मिटूनच ठेवा, मग नजर बाजूला न्या. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अनोळखी माणसाने असे डोळे मिटले तर मांजरं त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे जास्त प्रमाणात आली. ती तसेच डोळे मिटून उत्तर द्यायला लागली तर त्या दिवसापुरतं तेवढं पुरे.

आता टॉवेलात गुंडाळण्याचा मुद्दा. गुंडाळलेली मांजरी काही वेळाने धडपड सोडते, आणि घरातल्यांना वाटतं, बघा, शांत झाली. त्या वेळी तिच्या बाहुल्या बघा, श्वास बघा. काहीही केलं तरी सुटका नाही हे कळल्यावर प्राणी प्रयत्न करणंच थांबवतो. मानसशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवर दाखवलेली हीच लाचारी. काही आठवड्यांच्या पिल्लांना हळुवारपणे गुंडाळून हाताळतात आणि ते उपयोगी पडतं, कारण त्यांचं वय वेगळं असतं. मोठ्या मांजरीत यातून फक्त एवढंच साधतं की तुमचे हात, तुमचा वास आणि ती असहायता यांची गाठ बसते. मग ती सोडवायला महिने जातात.

स्पर्शाची घाई नको, पण वेळ आली की कसा करायचा ते सांगतो. सुरुवात हाताने नाही. लांब काठीला चमचा बांधा आणि चमच्यावर ओलं खाणं. ती चमचा चाटायला लागली की दर काही दिवसांनी काठी थोडी आखूड धरा, असं करत चमचा हातात येतो. दुसरा मार्ग खेळाचा: लांब काठी, दोरी, टोकाला पीस. पीस तिच्याकडे नेऊ नका, तिच्यापासून पळवा. खोक्याच्या कडेआड थोडंसं दिसेनासं करा. शिकारीत गुंतलेलं मांजर माणसाला विसरतं. आणि भ्यालेली मांजरी सहसा खेळत नाही, त्यामुळे ती खेळली हीच मोठी बातमी.

मग एक दिवस ती तुमच्या गुडघ्याचा वास घेऊन जाते. तेव्हा हलू नका. हात जमिनीजवळ, मूठ सैल, एक बोट किंचित पुढे, तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर. पुढचं अंतर तिला कापू द्या. वास घेऊन तिने गाल घासला तर गालाच्या कडेला, मिशांच्या मागे, बोटाने दोन-तीनदा हलकं खाजवा आणि हात काढून घ्या. काढून घेतल्यावर ती पुन्हा डोकं पुढे करते का, ते बघा. केलं तर आणखी एकदा. नुसती उभी राहिली तर आज बस. डोक्यावरून हात आणू नका, पाठीचा, पोटाचा, शेपटीच्या मुळाचा विचारही सध्या नको. बऱ्याच मांजरींत गालापासून खांद्यापर्यंतचा प्रवास एका हंगामापेक्षा लांब चालतो.

मध्ये उलटी पावलं पडतील. घरात मोठा आवाज झाला, पाहुणे आले, डॉक्टरची फेरी झाली, की ती पुन्हा जुन्या कोपऱ्यात. तेव्हा तुम्हीही दोन पायऱ्या मागे जा, लांब बसून खाणं देण्यापासून पुन्हा सुरू करा. दुसऱ्या खेपेला तो रस्ता लवकर कटतो. डॉक्टरची फेरी आधीच ठरलेली असेल तर त्यांना गॅबापेन्टिनसारखं भीती कमी करणारं औषध आधी देता येईल का, हे विचारा. मात्रा त्यांनीच ठरवायची.

सोडून देण्याबद्दल. काही मोठी मांजरं बंद घरात महिनोन् महिने आक्रसून राहतात, खाणं कमी होतं, अंग चाटून चाटून टक्कल पाडतात. अशा वेळी नसबंदी आणि लसीकरण झालेलं मांजर, तिच्या मूळ जागीच, जिथे रोज खायला घालणारं आणि नजर ठेवणारं कोणी आहे, तिथे परत नेणं हा रास्त निर्णय असतो, त्यात हार नाही. अनोळखी जागी नेऊन सोडणं मात्र पूर्णपणे वेगळं: दुसऱ्या मांजरांची हद्द, अन्नाचा पत्ता नाही, आणि जुन्या जागेकडे निघालेली मांजरी वाहनाखाली येते. तुमची मांजरी तीन आठवड्यांतच लिटर बॉक्स वापरते आहे, खाते आहे. मी तरी अजून काही महिने देईन. एकच मोजमाप ठेवा: महिन्यापूर्वी ती तुमच्यापासून किती अंतरावर खात होती आणि आज किती. आकडा कमी होत असेल तर चालू ठेवा.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की सोबतीला दुसरं मांजर आणावं का आणि खोलीचं दार केव्हा उघडावं. घरात आधीच माणसांशी लाडात असलेलं, शांत मांजर असेल तर त्याचा खूप उपयोग होतो. ते तुमच्या मांडीवर येऊन बसतं आणि ही लांबून बघते. पण केवळ हिच्यासाठी नवं आणू नका, दोन अनोळखी मांजरांची जुळवणी हे आणखी एक काम होऊन बसतं. दाराचं म्हणाल तर ती तुमच्या देखत खोलीच्या मध्यावर खाऊ लागली की रात्री दार फटीएवढं उघडं ठेवा. त्याआधी घरातल्या सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत ना, गॅलरीचं दार लागतं ना, ते तपासा. खोलीतलं खोकं, ताट, लिटर बॉक्स काहीही हलवू नका. ती रात्री फिरून पहाटे तिथेच परतली तर दुसऱ्या रात्री फट थोडी मोठी.